अंगठेबहाद्दर

(पडदा काळा. दोरी ताणली जातेय, तेवढाच आवाज. मग एक 'थप्'.)

सही करता येत नाही, म्हणून कागदावर अंगठा उठवणाऱ्याला आपण अंगठेबहाद्दर म्हणतो. गेले चार महिने मीही त्याच वर्गात बसलोय. शाई तेवढी नाही: मी अंगठ्यानं धनुष्य ओढायला शिकतोय.

(जवळून: तळहातावर शिंगाची अंगठी.)

ही माझी पाटी-पेन्सिल. शिंगाची आहे. लांबून दागिना वाटेल, पण नीट बघा: एका बाजूनं ती जिभेसारखी पुढं आलेली आहे. या जिभेसाठीच सगळा खटाटोप. धनुष्याची दोरी सुटते तेव्हा अंगठ्याच्या गादीवरून नाही, हिच्यावरून घसरून जाते. फारसीत हिला जेहगीर म्हणतात. जेह म्हणजे दोरी, गीर म्हणजे धरणारा. जहांगीर जग धरतो, जेहगीर दोरी. दोघांत काम कुणाचं अवघड, ते मी आता सांगू शकतो.

ऑलिंपिकमध्ये दिसतात ते धनुर्धर दोरी तीन बोटांनी ओढतात. लांब धनुष्याला ते चालतं. पण घोड्यावरून मारायचं धनुष्य आखूड असतं. ते पूर्ण ओढलं की दोरीचा कोन इतका टोकदार होतो की तीन बोटं त्यात चिमटली जातात. अंगठ्याला जागा लागते एकाच बोटाची. शिवाय मनगटाला हलका पीळ दिला की तर्जनीची कड बाणाला दाबून धरते. घोडा उधळला तरी बाण जागचा हलत नाही. म्हणून उजव्या हातानं ओढणाऱ्याचा बाण इथे धनुष्याच्या उजव्या अंगाला असतो, डाव्या हाताच्या अंगठ्यावर टेकलेला. सिनेमात बहुतेक वेळा उलटं दाखवतात. एकदा कळलं की नंतर तेच खुपत राहतं.

(अंगठी घालताना. संथ गतीनं.)

अंगठी घालणं हाच पहिला धडा, आणि त्यातच माझे पंधरा दिवस गेले. आतलं भोक गोल नसतं, लांबट असतं. आडवी धरून पेरावरून सरकवायची, मग पाव वळण द्यायचं, की जीभ गादीवर येऊन बसते. घट्ट झाली तर अंगठा निळा पडतो. सैल झाली तर... माझी पहिली अंगठी तिसऱ्याच बाणामागोमाग उडाली. दुपारी उकाड्यानं अंगठा सुजतो, सकाळी आकसतो, त्यामुळे आतून चामड्याची बारीक पट्टी लावावी लागते किंवा काढावी लागते. जुने तिरंदाज एकापेक्षा जास्त अंगठ्या जवळ ठेवत असतील, तर त्यात मला तरी नवल वाटत नाही.

आता पकड. दोरीभोवती अंगठा वाकवायचा, त्याच्यावर तर्जनी ठेवायची, बाकीची तीन बोटं मिटायची. अरबी तिरंदाजीच्या जुन्या पोथ्यांत या पकडीचं नाव आहे 'त्रेसष्ट'. तेव्हा बोटांवर आकडे दाखवायची रीत होती. करंगळी, अनामिका आणि मधलं बोट मिटलं की ३. वाकवलेल्या अंगठ्यावर तर्जनी आली की ६०. आपल्याकडे भांडणाला ३६चा आकडा म्हणतात, कारण दोन्ही अंक पाठ फिरवून बसलेले. हा ६३चा. समोरासमोर.

(हाताचा फोटो: अंगठ्याचं नख, काळंनिळं.)

समोरासमोर खरे, पण सुरुवातीला त्यांचं जमत नाही. तर्जनी नखावर दाबून धरली, की संध्याकाळी नख असं दिसतं. ती नखाच्या कडेला, नुसती टेकायला हवी. दोरी अंगठ्याच्या टोकाकडे ठेवली, तर अर्ध्या ओढीतच निसटते. फार आत ठेवली, तर सुटताना अडते आणि बाण शेपूट हलवत जातो. बाणाची काडी गरजेपेक्षा ताठ असेल, तर बाण उजवीकडे भरकटतो. पिसाचा पुढचा काटा डाव्या अंगठ्याला ओरबाडतो, म्हणून तिथे दोरा गुंडाळायचा. हा दोरा कशासाठी, ते मला रक्त आल्यावर कळलं. चष्मेवाल्यांसाठी वेगळी सूचना: दोरी कानामागपर्यंत जाते. आपल्या कवितांत 'आकर्ण' ओढलेलं धनुष्य असतं, ती अतिशयोक्ती नाही.

आणि बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडायची नाही. बाणात जाणारा जोर मग धनुष्याच्या अंगात जातो, आणि ते तडकतं.

(संग्रहालयातल्या अंगठ्यांची चित्रं, भरभर.)

चीनमध्ये आन्यांगला १९७६ साली राणी फू हाओची कबर उघडली, तेव्हा तिच्यात जेडची अशी अंगठी निघाली. वय सुमारे ३,२०० वर्षं, आणि दोरीसाठी खाचसुद्धा कोरलेली. मुघलांकडे जेडवर रत्नं जडवली गेली. चीनवर राज्य केलेल्या मांचूंची अंगठी नळकांड्यासारखी. कोरियाच्या पारंपरिक तिरंदाजीत आजही अंगठ्यानंच ओढतात, आणि निशाण १४५ मीटरवर असतं. क्यूदो या जपानी तिरंदाजीत अंगठीऐवजी कडक अंगठ्याचा चामडी हातमोजा. तुर्की तिरंदाजीला २०१९मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली.

आणि आपला एकलव्य. आदिपर्वात एक ओळ येते, जिच्याकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. अंगठा दिल्यावर तो बोटांनी दोरी ओढू लागला, पण पूर्वीची चपळाई राहिली नाही. म्हणजे आधी काम अंगठ्याचं होतं! तीन बोटांनी ओढणाऱ्याकडून अंगठा मागून द्रोणाचार्यांच्या हाती फारसं काही लागलं नसतं.

(मैदान. गवताची गासडी. दोन पावलांवर निवेदक.)

गासडी इतकी जवळ आहे, की नेम चुकवायचा म्हटलं तरी चुकणार नाही. तेच हवंय. जपानी लोक असल्या गासडीला माकिवारा म्हणतात. नवशिक्यानं निशाणाकडे बघितलं, की हाताकडचं लक्ष जातं. म्हणून महिनाभर निशाणच नाही. धनुष्यही हलकं, ओढायला वीस पौंडांचा जोर लागणारं.

माझी खोड एकच: दोरी मी 'सोडायचो'. अंगठा उघडायचो, ठरवून, झटक्यानं. प्रत्येक वेळी मनगट हलायचं आणि बाण तिरका. शिकवणारे सर शांतपणे गासडीतला बाण उपटून आणायचे आणि एकच वाक्य म्हणायचे, "तुम्ही तर्जनी काढून घ्या. बाकीचं दोरी बघून घेईल."

हे वाक्य मी दीडशे वेळा तरी ऐकलं असेल. कळतही होतं. अंगठ्याला कळत नव्हतं.

(निवेदक ओढतो. थांबतो. चेहरा रिकामा.)

हा त्या दिवशीचा तुकडा आहे. सरांनी पहिल्यांदाच मोकळ्या मैदानात उभं केलं होतं. ओढलं, कानाशी आणलं, आणि डोक्यात भलताच विचार आला: गाडीची चावी कुठं ठेवली? तेवढ्यात बाण गेलेला होता. अंगठ्याला झटका नाही, मनगट जागच्या जागी. मी दचकलो, ते दिसतंय.

सर काही बोलले नाहीत. बाण निशाणाच्या वरून पलीकडच्या उंच गवतात गेला होता. दोघांनी मिळून अर्धा तास शोधला.

(गवतात वाकलेली दोन माणसं. लांबून.)

चावी खिशातच होती.