कढई, चहा आणि हिमोग्लोबिनचा आकडा

नमस्कार श्रोतेहो. रक्ताच्या रिपोर्टवर हिमोग्लोबिनपुढे साडेनऊ-दहा असं काही दिसलं, की घरात पहिला सल्ला ठरलेला: बीट खा, गूळ-शेंगदाणे खा. बीट लाल म्हणून ते रक्त वाढवतं, हा समज काही केल्या जात नाही. खरं तर बिटात लोह बेताचंच. गुळाच्या खड्यातूनही मिळून मिळणार किती, तर एक मिलिग्रॅमच्या आतबाहेर. बाईला दिवसाला लोह लागतं २९ मिलिग्रॅम, असं आपली आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, सांगते.

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांना रक्तक्षय आढळला. यातल्या कितीतरी जणी रोज पालेभाजी, डाळ, उसळ खातात. मग लोह जातं कुठे? पोटात जातं, पण रक्तात उतरत नाही. धान्य-भाजीतलं लोह आतड्यातून शोषलं जायला अवघड. त्यात आपली चहा-चपाती! चहातलं टॅनिन चपातीतल्या लोहाला धरून बसतं. दूध घाला, साखर कमी करा, फरक पडत नाही. चहा सोडा, असं मी म्हणणार नाही. कुणी ऐकणारही नाही. खाणं आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा, एवढंच. आणि लोहाची गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर कधीच नको.

उलट लिंबू लोहाला मदत करतं. वरणभातावर, उसळीवर पिळायचं ते ताटात वाढल्यावर. फोडणीत पिळलं तर उष्णतेनं त्यातलं सी जीवनसत्त्व बरंचसं जातं. मटकीला मोड आणण्याची आपली पद्धतही नुसती चवीची नाही. मोड येताना लोह अडवून धरणारं फायटेट कमी होतं.

आता कढई. नॉनस्टिक आलं आणि लोखंडी कढई माळ्यावर गेली. अंबाडीची भाजी आठवून पाहा. पाला उकडून पिळला तरी आंबटपणा थोडा उरतोच. कण्या घालून ती लोखंडी कढईत शिजली, की त्या आंबटाला कढईचं लोखंड सुटतं. भाजी काळपट होते, लसणाची फोडणी वर घातली तरी रंग लपत नाही. तो काळेपणा म्हणजेच लोह. टोमॅटो, चिंच, आमसूल, सगळ्यांचं तेच. तव्यावरच्या भाकरीत तेवढं उतरत नाही. तिथे ना पाणी ना आंबट. इथिओपियात लहान मुलांवर झालेला एक अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. लोखंडी भांड्यात शिजवलेलं खाणाऱ्या मुलांचं हिमोग्लोबिन ॲल्युमिनियमच्या भांड्यातलं खाणाऱ्यांपेक्षा जास्त वाढलं. भाजी झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर लोखंडाची चव लागते. कढई घासून, कोरडी करून तेलाचा हात फिरवा.

थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण घरात असतील, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका. त्यांच्या अंगात लोह साठत जातं.

रिपोर्टबद्दल दोन गोष्टी. लोह कमी असेल, तर तीन महिन्यांची साखर दाखवणारा एचबीएवनसीचा आकडा खऱ्याहून थोडा चढा येऊ शकतो. त्यामुळे साखर वाढली म्हणून घाबरण्याआधी हिमोग्लोबिन बघा. दुसरं, तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. आज कढई काढली आणि पुढच्या आठवड्यात लॅबमध्ये गेलात, तर हिमोग्लोबिनचा आकडा हलणार नाही. दोन-तीन महिने जाऊ द्यात. सीरम आयर्न, म्हणजे रक्तातलं लोह, तपासायचं असेल, तर सकाळी उपाशीपोटी जा, आणि गोळी आदल्या दिवशी घ्यायची की नाही, ते डॉक्टरांना विचारून घ्या.

पुरुषांचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं हिमोग्लोबिन उतरलं असेल, तर दोष स्वयंपाकघराला देत बसू नका. मूळव्याध, पोटातला अल्सर, आतड्यातला आजार, कुठून तरी रक्त जात असण्याची शक्यता आधी तपासायला हवी. शौचाला काळं होतंय का, वजन उतरतंय का, हे डॉक्टरांना सांगताना लाजू नका. नमस्कार.