आधी गवत, मग मासा

[तलाव. डोंग्यातून फेकलेलं जाळं.]

जाळ्याचा एक काठ दातांत, उरलेला घोळ डाव्या खांद्यावर, आणि हलत्या डोंग्यात रोवलेले पाय. दातांतला काठ सोडायची वेळ चुकली, तर जाळं उघडत नाही, पाण्यात नुसता गुंता पडतो. इथं ते पूर्ण गोल उघडलंय. कडेचं शिसं सगळीकडून एकदम पाण्याला लागलं, की खालच्या माशाला पळायला वाट राहत नाही.

गोंदिया जिल्ह्यातला हा अर्जुनी मोरगाव तालुका. झाडीपट्टी, म्हणजे पूर्व विदर्भाचा जंगलाचा आणि धानाचा भाग. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत मिळून साडेसहा हजारांहून जास्त मालगुजारी तलाव आहेत, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या, मालगुजारांच्या ताब्यातले जुने तलाव. सरकारी कागदात ते माजी मालगुजारी, म्हणून लोकांच्या तोंडी मामा तलाव. कोहळी समाजानं गोंड राजांच्या काळापासून ते बांधत आणले. नवेगावचा बांध कोलू पाटलांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला घातला. मातीची पाळ, शेताला पाणी सोडायला तुडूम, जादा पाण्याला सांडवा. १९५१ साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले.

तलावांची गोष्ट निघाली की कोहळ्यांचं नाव निघतं, आणि ते निघायलाच हवं. पण याच पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरणाऱ्या ढिवरांना, म्हणजे इथल्या मासेमार समाजाला, त्या गोष्टीत फार जागा मिळत नाही. म्हणून आज कॅमेरा पाळीवर न ठेवता डोंग्यात ठेवलाय.

[कमळाच्या पानांजवळ हलणारं पाणी.]

इथं नीट बघा. पानांच्या कडेला पाणी उकळी फुटल्यासारखं हलतंय. ती मरळीची पिल्लं आहेत. लालसर, बोटाच्या पेराएवढी, घोळक्यानं वर येतात, हवा घेतात, पुन्हा खाली जातात. मरळ पाणगवत बाजूला सारून घरटं करते, अंडी तिथंच तरंगत राहतात आणि नर पहारा देतो. आत्ताही तो खालीच असणार. डोंगा इथून वळवून घेतला, जाळं टाकलं नाही, हे तुम्ही पाहिलंत.

मरळ, मागूर, शिंगी. गढूळ, उथळ पाण्यातही तग धरणारे हे इथले मासे. त्यांना बाहेरून बीज आणावं लागत नाही. त्यांना गवत लागतं. अंडी आणि पिल्लं लपायला आडोसा, खायला किडे, सगळं त्या गवतातच.

रोहू, कटला, मृगळ यांचं तसं नाही. त्यांना अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं, साचल्या तलावात ते वीत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथं डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशांचं प्रजनन घडवून आणलं. पुढं बीज केंद्रांत तयार होऊ लागलं: आधी जिरे, म्हणजे इवली पिल्लं, मग बोटाएवढी बोटुकली. त्यामुळं देशभर मासा वाढला, ही मोठीच गोष्ट. पण झाडीपट्टीतल्या तलावाकडं बघायची नजरही त्यानं बदलली. किती बोटुकली सोडली आणि किती किलो निघाले, एवढाच हिशेब उरला. काही तलावांत ग्रास कार्प सोडला गेला. त्याचं खाणंच पाणगवत.

[बेशरम उपटणाऱ्या बाया.]

आणि गवत गेलं तिथं हिनं पाय पसरले. जांभळट गुलाबी फुलं, दिसायला देखणी. बेशरम. तोडलेल्या कांडीलासुद्धा मुळं फुटतात, म्हणून विळ्यानं कापून भागत नाही. मुळासकट उपटायची, पाळीवर वाळवायची, मग जाळायची. भर उन्हाळ्यात, पाणी मागं सरल्यावर, हे काम या बायांनी अंगावर घेतलं. उघड्या पडलेल्या गाळपेरात, म्हणजे तलावाच्या तळाच्या जमिनीत, ट्रॅक्टर घालून दबलेली माती मोकळी केली. आणि पाऊस लागल्यावर ही लावण.

रोप शेजारच्या चांगल्या तलावातून आणलंय. हायड्रिला, वॅलिसनेरिया या पाण्याखालच्या वनस्पती, काठाला देवधान, म्हणजे रानटी धान. मुळाशी चिखलाचा गोळा दाबायचा, पायाच्या अंगठ्यानं तळ चाचपायचा, आणि वाकून गोळा आत रोवायचा. तळ घट्ट लागला तर पुढं सरकायचं. ओळ धरून, धानाची रोवणी करावी तशी. धानाच्या बांधीत आयुष्य काढलेल्या हातांना हे कुणी शिकवायची गरज नव्हती. तलावात काय कुठं उगवत होतं, ते म्हाताऱ्या ढिवरांनी सांगितलं. रोवलं बायांनी. तलावाचा ठेका घेणाऱ्या मासेमार सोसायटीच्या यादीत बहुतेक नावं पुरुषांची आहेत, हेही इथं सांगायलाच हवं.

[देवधानाच्या काठावर सारसाची जोडी.]

महाराष्ट्रात सारस दिसतो तो मुख्यतः याच जिल्ह्यात.

[आठवडी बाजार.]

जर्मनच्या गंजात, म्हणजे अॅल्युमिनियमच्या पातेल्यात, जित्या मरळी. शेजारच्या दुकानात आंध्रातून बर्फात आलेला रोहू. या तालुक्यात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहती आहेत, आणि तिथलं गिऱ्हाईक मासा कल्ला उचलून बघितल्याशिवाय घेत नाही. ही मावशी बघा, तीन मरळी हातात धरून परत ठेवल्या, चौथी घेतली. घासाघीस न करता.

बर्फातल्या माशानं रोहू-कटल्याचा भाव पडतो, आणि तरुण मुलं नागपूर-हैदराबादला मजुरीला जातात. वैनगंगेवर गोसीखुर्द धरण झाल्यावर नदीवरच्या ढिवरांचे हाल याहून मोठे आहेत.

[शाळेच्या वऱ्हांड्यात बसलेली बैठक.]

तलावाचा ठेका पाच वर्षांचा असतो. एवढी मेहनत करून लावलेलं गवत पुढच्या ठेक्यात कुणी ग्रास कार्प सोडून संपवलं तर? म्हणून इथं ठराव लिहिला जातोय: ग्रास कार्प सोडायचा नाही, पाणवनस्पतींची लावण हे ठेकेदार संस्थेचं काम धरायचं, आणि त्या कामाची मजुरी बायांच्या नावानं निघाली पाहिजे. ग्रामसभेपुढं तो बायाच वाचणार आहेत. पाळीखालच्या बोडीतली, म्हणजे लहान तळ्यातली, बेशरम येत्या उन्हाळ्यात काढायची, हेही आज ठरलं. तिथं लावायला रोप या तलावातूनच जाईल.