पहिल्या नमुन्याआधीची कामं

(मिरजेत वैद्यकीय, पशुवैद्यकीय आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या अभ्यासकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू शोधायला सांगली जिल्ह्यात फार फिरावं लागत नाही. मिरजेत दवाखान्यांची दाटी, गावोगावी दूधसंकलन, कोंबडीपालन, आटपाडीकडे डाळिंबाच्या तेल्या रोगावर स्ट्रेप्टोसायक्लिन या प्रतिजैविकाची फवारणी, आणि खाली कृष्णा-वारणेचं पाणी. नमुने मिळतीलच. पण तीन देशांतल्या प्रयोगशाळांनी काढलेल्या आकड्यांचा अर्थ एकच आहे का, हे कोण बघणार? अशा अनेक देशांच्या संयुक्त संशोधन प्रकल्पाचा कारभार म्हणजे मुख्यतः हेच काम.

आधी पैसा. विश्वस्त संस्थेच्या रुग्णालयाला परदेशी अनुदान घ्यायचं तर एफसीआरए, म्हणजे परदेशी निधीच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच येते, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांवर जाऊ शकत नाही, आणि एका संस्थेला मिळालेली रक्कम दुसरीकडे वळवता येत नाही. परदेशी भागीदार मात्र सवयीने असा तक्ता आखतो की एक भारतीय संस्था सगळं घेईल आणि मिरज, कराड, कोल्हापूरला वाटून देईल. तो तक्ता इथे चालत नाही. प्रत्येक संस्थेने अनुदान देणाऱ्याशी स्वतंत्र करार करायचा. ज्या योजनांत प्रत्येक देश आपापल्या गटाला पैसे देतो, तिथे ही अडचण नाही. पण मंजुरीच्या तारखा पुढेमागे होतात आणि एका देशातला संशोधन सहायक दुसऱ्या देशाच्या नमुन्यांची वाट बघत बसतो.

रुग्णांचे नमुने असतील तर संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता आणि आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी घ्यावी लागते. या समितीचं काम भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेतून (आयसीएमआर) चालतं. सोबत सामंजस्य करार, अनुदानपत्र, आणि काही बाहेर पाठवायचं असेल तर साहित्य हस्तांतरण करार जोडायचा. दुधातून, मातीतून, नदीच्या पाण्यातून वेगळे केलेले जिवाणू जैवविविधता कायदा, २००२ खाली येतात. हा कायदा झाडाझुडपांपुरताच आहे असं समजून तो राहून जातो, आणि मग पार्सल अडतं.

पार्सलचं म्हणाल तर अनेक औषधांना न जुमानणाऱ्या क्लेबसिएला या जिवाणूचं कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेला साठा, सहसा कमी धोक्याच्या वर्ग 'ब' मध्ये, यूएन ३३७३ या खुणेखाली जातं. गळती न होणारी कुपी, भोवती शोषक कापूस, त्यावर दुसरं बंद भांडं, बाहेर कडक खोका. कुपी किंवा दुसरं भांडं, दोहोंपैकी एकाने ९५ किलोपास्कल दाबाचा फरक सोसला पाहिजे. क्षयाच्या जिवाणूंचं कल्चर जास्त धोक्याच्या वर्ग 'अ' मध्ये येतं. ते याच खोक्यात सरकवू नका. कोरडा बर्फ घातलात तर खोका हवाबंद करायचा नाही, वायू बाहेर पडला नाही तर तो फुटतो. खरं तर न्यूट्रिएंट अगार या घट्ट खाद्यमाध्यमात टोचून लावलेले असे जिवाणू साध्या तापमानातही प्रवास करतात. बर्फाचा खर्च बऱ्याचदा उगाच होतो.

आता खरा गुंता. क्लेबसिएलाची मेरोपेनेम या प्रतिजैविकासाठी एमआयसी, म्हणजे वाढ रोखणारी किमान मात्रा, ४ मिलिग्रॅम प्रति लिटर आली असं धरा. सीएलएसआय या अमेरिकी मानक-संस्थेच्या तक्त्यात ती 'आर', म्हणजे रेझिस्टंट. युकास्ट या युरोपीय समितीच्या तक्त्यात, मेंदूज्वर सोडून इतर संसर्गांसाठी, ती 'आय', म्हणजे वाढीव मात्रेत औषध लागू पडेल अशी. जिवाणू तोच, पण अहवाल दोन. म्हणून सामायिक तक्त्यात एस-आय-आर ('एस' म्हणजे नेहमीच्या मात्रेत लागू) ही अक्षरं कधीच मुख्य नोंद म्हणून ठेवू नका. मोजलेला आकडा ठेवा. औषध लावलेल्या कागदी डिस्कभोवती जिवाणू न वाढलेल्या वर्तुळाचे नुसते मिलिमीटरही पुरत नाहीत. सिफोटॅक्सिमची डिस्क सीएलएसआयमध्ये ३० मायक्रोग्रॅमची, युकास्टमध्ये ५ ची, त्यामुळे वर्तुळंच वेगळी पडतात. डिस्कची मात्रा, लॉट नंबर, आणि कोणत्या वर्षाचा तक्ता लावला, हे तीन रकाने पहिल्या दिवसापासून हवेत.

प्लेटवरच्या चुका साध्याच असतात. म्युलर-हिंटन अगार ४ मिलिमीटर जाड हवा. जाड ओतला तर वर्तुळ लहान पडतं आणि खोटा प्रतिरोध दिसतो. जिवाणूंचं मिश्रण ०.५ मॅकफारलंडचं (हे गढूळपणाचं माप), १५ मिनिटांत प्लेटवर, पुढच्या १५ मिनिटांत डिस्क, आणखी १५ मिनिटांत इन्क्युबेटर. डिस्कचा साठा उणे २० अंशांवर. वीज जाऊन फ्रिज तापला की इमिपेनेम आणि क्लॅव्हुलॅनेट ही औषधं आधी खराब होतात. म्हणून ई. कोलाय एटीसीसी २५९२२ या ठरलेल्या तपासणी-जिवाणूची प्लेट नियमित लावायची, आणि ती मर्यादेबाहेर गेली तर त्या दिवसाचे निकाल पाठवायचे नाहीत, परदेशातून कितीही ईमेल येवोत. पशुखाद्यातल्या कोलिस्टिन या प्रतिजैविकावर २०१९ मध्ये बंदी आली, त्यामुळे कोंबड्यांच्या नमुन्यांत त्याची चाचणी सगळ्यांनाच हवी असते. पण तो मोठा रेणू अगारमध्ये नीट पसरत नाही. डिस्क नको, ब्रॉथ मायक्रोडायल्युशनच करा, म्हणजे द्रव माध्यमात औषध पातळ करत नेऊन एमआयसी मोजा.

प्रतिरोधाची टक्केवारी काढताना एका रुग्णाचा, एका प्रकारच्या नमुन्यातला, तोच जिवाणू एकदाच धरायचा. आणि कल्चर कुणाचं पाठवलं तेही लिहायचं. औषध लागू न पडलेल्यांचंच पाठवलं असेल तर आकडा फुगणारच.

शेवटी जिवाणू साठवायचा उणे ८० अंशांचा फ्रीझर. २०१९ चा पूर इथे कुणाला सांगायला नको. फ्रीझर वरच्या मजल्यावर ठेवा, जनरेटरच्या डिझेलसाठी अंदाजपत्रकात वेगळी ओळ घाला, आणि प्रत्येक जिवाणूची दुसरी कुपी नदीकाठापासून दूरच्या दुसऱ्या शहरात ठेवा. प्रकल्प संपल्यावर त्या फ्रीझरचं वीजबिल कोण भरणार आणि त्या कुप्या कुणाच्या, ही दोन कलमं करारात सहीआधीच घालून घ्या.