निरक्षर होऊन फिरताना: जॉर्जिया, आर्मेनिया, अझरबैजान

नमस्कार. आधीच सांगून टाकते, मी ट्रॅव्हलर वगैरे कुणी नाही. बावीस वर्षं पुण्यात प्रूफं तपासते. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की लाल पेन, एवढंच माझं आयुष्य. तर 2024 च्या सप्टेंबरात आठ किलोची सॅक पाठीला लावून मी तीन आठवडे कॉकेशसमध्ये फिरून आले, जॉर्जिया, आर्मेनिया आणि अझरबैजान. भाचा त्बिलिसीला, म्हणजे जॉर्जियाच्या राजधानीत, एमबीबीएस करतोय, आपली बरीच पोरं आहेत तिकडे, म्हणून घरच्यांनी सोडलं, नाहीतर "युद्ध चालू आहे ना गं तिथे" यावरच गाडी अडली असती. व्हिसाचं कुणीतरी विचारणारच, तर तिन्ही देशांचा ई-व्हिसा असतो, पण नियम बदलत राहतात, त्यामुळे माझ्या भरवशावर राहू नका, सरकारी साइट बघा.

मला आज डोंगरांबद्दल फार बोलायचं नाहीये, त्याचे फोटो तुम्ही बघितलेच असतील. मला बोलायचंय अक्षरांबद्दल. कारण जिचं पोट अक्षरांवर चालतं ती बाई सत्तेचाळिसाव्या वर्षी एकदम निरक्षर झाली, त्याची ही गोष्ट.

त्बिलिसीत दिदुबे म्हणून एक स्टँड आहे, तिथून उत्तरेच्या डोंगराकडे मार्शरुत्का सुटतात. मार्शरुत्का म्हणजे आपलं वडाप हो. तीच तऱ्हा, भरली की निघणार, टाइमटेबल विचारायचं नाही, सामान मांडीवर. फक्त जीपऐवजी व्हॅन. काचेवर पाटी असते आणि ती जॉर्जियन लिपीत, तेहतीस अक्षरं, सगळी गोल गोल, शेवया सांडल्यासारखी, ना शिरोरेघ ना कॅपिटल. भाच्याला लेक्चर होतं म्हणून मी एकटीच. एका ड्रायव्हरला विचारलं, "काझबेगी?" तो म्हणाला, "हो, हो." आता जॉर्जियनमध्ये होकाराला खरंच 'हो' म्हणतात, हे मला नंतर कळलं, त्या क्षणी मला वाटलं मराठी माणूसच भेटला! बसले. अर्ध्या तासात गाडी थांबली, सगळे उतरले, ड्रायव्हर म्हणाला उतरा. ते गाव होतं म्त्स्खेता.

जॉर्जियाची जुनी राजधानी. अराग्वी आणि म्त्क्वारी अशा दोन नद्यांचा संगम आहे, मध्ये अकराव्या शतकातलं स्वेतित्सखोवेली हे मोठं चर्च. चुकून पोचले म्हणून तीन तास बसले तिथे, प्लॅन केला असता तर फोटो काढून पंधरा मिनिटांत निघाले असते. ड्रायव्हरचंही चुकलं असं नाही म्हणता येणार, काझबेगीचा रस्ता म्त्स्खेताजवळूनच जातो, त्याच्या मते त्या दिशेला 'हो'च होतं.

दुसऱ्या दिवशी मी आपला धंदा वापरला. भाच्याकडून वहीत काझबेगी लिहून घेतलं, सात अक्षरं. मग स्टँडवर एकेका पाटीसमोर वही धरून अक्षराला अक्षर ताडून बघत फिरले, मूळ प्रतीशी प्रूफ ताडतात तशी. लोक बघत होते. चौथ्या व्हॅनवर साती जुळली! बरं, त्या गावाचं सरकारी नाव आता स्तेपांत्समिंदा आहे, पण बोलताना सगळे काझबेगीच म्हणतात, आपलं व्हीटी कसं अजून सुटत नाही तसं. रस्ता मात्र अफाट, 'ज्वारी' नावाची खिंड (आपल्या ज्वारीशी संबंध नाही) साधारण चोवीसशे मीटरवर, रशियाकडे जाणाऱ्या ट्रकांची संपतच नाही अशी लाइन, आणि शेवटी 2,170 मीटरवर ते एकटं गेर्गेतीचं चर्च, मागे पाच हजार मीटरच्या वरचा काझबेक. चढताना दम लागला, पण सिंहगड करणाऱ्याला जमेल.

त्या सात अक्षरांनी मला चटकच लावली. रोज चार-पाच शिकायची. जॉर्जियन जसं लिहितात तसंच वाचतात, आपल्यासारखं. आणि गंमत म्हणजे चमच्यातला च आणि चहातला च, जागामधला ज आणि जीवमधला ज, हे जे आपण एकाच अक्षरात कोंबतो आणि मग अमराठी माणसाला समजावताना घाम फुटतो, त्यांच्याकडे त्यांना वेगवेगळी अक्षरं आहेत. मला जरा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

जेवणाचं. मी शाकाहारी. सगळे म्हणाले उपाशी मरशील. अहो, लोबिओ म्हणजे मडक्यातला राजमा, सोबत म्चादी, मक्याची भाकरीच ती, फक्त जाड. आणि एक शब्द पाठ करून जा, सामार्ख्वो, म्हणजे त्यांच्या उपासाचं. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या उपासाला मांस, दूध, अंडी चालत नाहीत, त्यामुळे हॉटेलात सामार्ख्वो म्हटलं की भाज्यांचीच लाइन लागते. खिंकाली बघितल्यावर तर मी हसायलाच लागले, उकडीचा मोदक! मुखऱ्या तशाच. बटाट्याचे, चीजचे, मशरूमचे मिळतात. फक्त शेंडीला धरून उलटा करायचा, आणि शेंडी टाकून द्यायची, ती खात नाहीत. आमच्याकडे मोदकाची शेंडी टाकली असती तर आईने घराबाहेर काढलं असतं.

होमस्टेच्या मालकीणबाईंना मी नकाशावर पुणे दाखवत होते, तर बोट गोव्यावर गेलं आणि त्या म्हणाल्या, "केतेवान." काखेतीची, म्हणजे पूर्व जॉर्जियाची राणी. इराणच्या शाह अब्बासने 1624 मध्ये शिराझला तिला मारलं, ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष जुन्या गोव्यात नेले. तो सेंट ऑगस्टिनचा पडका मनोरा आपण सगळ्यांनी पाहिलाय, तिथेच उत्खननात हाड सापडलं, हैदराबादला डीएनए तपासणी झाली आणि 2021 मध्ये भारताने ते जॉर्जियाला दिलं. मी त्या मनोऱ्याखाली उभं राहून शहाळं प्यायलेय, मला यातलं काहीही माहीत नव्हतं.

मग आर्मेनिया. सादाख्लोची बॉर्डर ओलांडली की पाट्या बदलतात, आणि माझी सगळी अक्षरओळख पाण्यात, पुन्हा पहिलीत! ही लिपी मेस्रोप माश्तोत्स नावाच्या साधूने 405 च्या सुमारास तयार केली, आणि या लोकांना तिचं इतकं कौतुक की 1600 वर्षं झाली म्हणून 2005 मध्ये आरागात्स डोंगराच्या पायथ्याशी माणसाएवढी दगडी अक्षरं उभी केलीयत, एकोणचाळीस. पोरं आपापल्या नावाच्या अक्षराला मिठी मारून फोटो काढतात. मी माझं आद्याक्षर शोधून काढलं, हो, काढला फोटो.

राजधानी येरेवानला मातेनादारानमध्ये, म्हणजे त्यांच्या हस्तलिखितांच्या संग्रहालयात, मूशचं एक पुस्तक आहे, कातड्यावर लिहिलेलं, अठ्ठावीस किलोच्या आसपास. 1915 मध्ये ऑटोमन तुर्कांच्या राज्यात आर्मेनियनांचा नरसंहार झाला, त्यात दोन बायकांनी त्याचे दोन भाग केले आणि एकेक भाग घेऊन चालत निघाल्या, एकटीला उचलेनाच म्हणून. एक भाग पोचला, दुसरा वाटेत पुरून ठेवलेला नंतर मिळाला, असं सांगतात. माझी आठ किलोची सॅक तिथे क्लोकरूमला ठेवली होती आणि येताना मी पट्टे टोचतात म्हणून कुरकुरत होते. आणि हो, जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक, 'अझदारार', छापलं गेलं 1794 मध्ये, मद्रासला.

येरेवानहून अझरबैजानच्या राजधानीला, बाकूला, सरळ जाता येत नाही, दोन देशांमधली सीमा बंद. त्यात अझरबैजानने 2020 मध्ये कोविडला जमिनीवरून प्रवेश बंद केला तो मी गेले तेव्हाही बंदच, त्यामुळे परत त्बिलिसी आणि तिथून विमान. बॅकपॅकरची सगळी मिजास तिथे उतरते.

बाकूत मात्र वाचता यायला लागलं. लॅटिन लिपी. पण तिचीही कथा ऐका, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अरबी लिपी, मग लॅटिन, मग रशियन वळणाची, 1991 नंतर परत लॅटिन. म्हणजे नातवाला पणजोबाचं पत्र वाचता येणार नाही, आजोबाचंही अडखळतच. आणि वाचायला लागले तर काय, दुकान, बाजार, मैदान, शहर, दफ्तर. फारसीतून आपल्याकडे आले तेच शब्द.

बाकूजवळ सुराखानीला आतेशगाह, म्हणजे अग्निमंदिर आहे, पाचकोनी आवार, मधे ज्वाला. जमिनीतला गॅस 1969 मध्ये संपला, आता पाइपने आणून पेटवतात, त्यामुळे ज्वालेचं मला फार काही वाटलं नाही. पण भिंतीतल्या दगडांवर देवनागरी! सतराव्या-अठराव्या शतकात मुलतान-लाहोरकडचे व्यापारी आणि साधू इथे येऊन राहायचे. मुंबईचे पारशी अभ्यासक जीवनजी जमशेदजी मोदी 1925 मध्ये इथे आले होते, त्यांनाही हे पारशांचं नाही, हिंदूंचं ठिकाण आहे असं वाटलं.

एका दगडावर संवत 1866, वर गणपतीला नमस्कार, आणि मग कुणी संन्याशाने 'ज्वालाजी निमत दरवाजा बणाया' असं. निमित्तचं निमत. त्याच दगडावर विक्रमादित्यचं विक्रमादित. तीन आठवडे धड काही न वाचता आलेली बाई, आणि पहिल्याच वाक्यात दोन चुका सापडल्या, हात आपोआप पर्सकडे गेला. तिथला राखणदार मागे येऊन उभा होता, खुणेने विचारलं, वाचता येतं? मी मोठ्याने वाचलं. त्याने मोबाइल काढला, रेकॉर्डिंग लावलं आणि म्हणाला परत एकदा. मी परत वाचलं, विक्रमादित असंच, दुरुस्त न करता.