माळ्यावरचा गोल्फ सेट खाली उतरवताना

[दृश्य: माळ्यावरून काढलेली धुळकट गोल्फ बॅग. चेन अडकत अडकत उघडते.]

दहा-बारा वर्षं पडून राहिलेल्या गोल्फ सेटमधलं लोखंड सहसा शाबूत असतं. खराब होतं ते रबर, गोंद आणि बुटांच्या तळव्यातला फोम. पुन्हा खेळायचं मनात आहे, पण पैसे मोजकेच आणि वेळ म्हणाल तर आठवड्यातली एखादी सकाळ, अशी स्थिती असेल, तर नवा ड्रायव्हर (सगळ्यात लांब फटक्याचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) बघायला जाण्याआधी एक तास या बॅगेला द्या.

आधी बूट. पायात घालण्यापूर्वी तळवा दोन्ही हातांनी वाकवून बघा. पॉलियुरेथेनचा फोम दमट हवेत न वापरताही आतून कुजतो. मुंबई आणि कोकणच्या हवेत तर हमखास. वरचं चामडं नव्यासारखं दिसतं आणि तिसऱ्या होलवर (होल म्हणजे एका भोकापर्यंतचा खेळाचा टप्पा) तळवा गळून हातात येतो. वाकवताना भुगा पडला, तर बूट टाकून द्या. चांगल्या पकडीचे साधे खेळाचे बूट सुरुवातीला पुरतात.

मग प्रत्येक क्लबचं डोकं एका हातात, दांडा दुसऱ्या हातात धरून हलका पीळ द्या. किरकिर आली किंवा सांध्यावरची काळी प्लास्टिकची कडी सरकलेली दिसली, तर आतला गोंद सुटत चालला आहे. गाडीच्या डिकीत उन्हाळे काढलेल्या सेटमध्ये हे जास्त आढळतं. असा क्लब दुरुस्त होईपर्यंत चालवू नका. फटका मारताना डोकं निघून गेलं, तर समोरच्याला गंभीर इजा होऊ शकते. ग्रॅफाइटच्या दांड्यावर नख फिरवा. नख अडकलं, तर तिथे तडा असण्याची शक्यता आहे.

[दृश्य: जवळून, ग्रिपवरून, म्हणजे दांड्याच्या रबरी मुठीवरून, अंगठा फिरतो. रबर चकाकतं, पण पकड नाही.]

पैसे खर्च करायचेच असतील, तर सगळ्यात आधी ग्रिपवर करा. वाळलेलं रबर निसटतं, म्हणून हात ते नकळत आवळून धरतो. हात आवळला की मनगट आणि कोपराखालचे स्नायू ताठतात, क्लबचं तोंड (चेंडूवर आदळणारी बाजू) वेळेवर सरळ होत नाही आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू उजवीकडे वळतो. मग माणूस स्विंग सुधारायला निघतो, आणि दोष असतो रबरात.

ग्रिप घरी बदलता येते. जुनी ग्रिप आकड्यासारख्या पात्याने, धार दांड्यापासून बाहेर ठेवून, उभी कापा. साधी सुरी ग्रॅफाइटमध्ये घुसली, तर दांडा तिथेच मोडतो. जुनी टेप खरवडून काढा. नवी दुहेरी चिकटपट्टी लांबीने लावा, वर एक सेंटीमीटर जास्त ठेवा आणि ती आत दुमडून पोकळ टोक बंद करा. नव्या ग्रिपच्या टोकाचं छिद्र बोटाने दाबून आत टर्पेंटाइन ओता, हलवा आणि तेच टेपवर सोडा. खाली ताट ठेवा, खिडकी उघडी ठेवा, गॅस किंवा उदबत्ती जवळ नको. आता ग्रिप एका दमात शेवटपर्यंत सरकवा. इथे बिचकून मध्ये थांबलात, की ती तिथेच चिकटते. ग्रिपवरच्या खुणा क्लबच्या तोंडाशी सरळ रेषेत आणा आणि पूर्ण दिवस हात लावू नका. टर्पेंटाइन सावकाश वाळतं. घाई केली, तर ग्रिप फटक्यात फिरते.

सगळ्या क्लबना ग्रिप लावायची गरज नाही. नियमाप्रमाणे बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब चालतात, पण किमान किती हे कोणी ठरवलेलं नाही. लांब फटक्यांसाठी ५-वुड आणि एक हायब्रिड, मधल्यांसाठी ६ आणि ८ क्रमांकाचे आयर्न, जवळच्यांसाठी पिचिंग वेज आणि ५४ ते ५६ अंशांचा सँड वेज, आणि चेंडू भोकात घरंगळवायला पटर. या सातांत नऊ होल उत्तम खेळता येतात, आणि बॅगही स्वतः उचलता येते.

[दृश्य: ड्रायव्हिंग रेंज, म्हणजे फटक्यांच्या सरावाची जागा. रबरी मॅट, चेंडूंची बादली.]

रेंजवर बहुतेक जण बादलीतला पहिलाच चेंडू ड्रायव्हरने मारतात. पन्नास चेंडू असतील, तर पहिले वीस पिचिंग वेजने, अर्ध्या स्विंगने, कमरेच्या उंचीपर्यंतच. पुढचे वीस ८ आयर्नने. उरलेले दहा वुडने, प्रत्येक वेळी वेगळं लक्ष्य ठरवून. पाठ आणि कोपर यांना इतकं पुरे.

मॅट मात्र फसवते. क्लब चेंडूच्या पाच सेंटीमीटर मागे आपटला, तरी रबरावरून घसरून चेंडूला लागतो आणि फटका बरा वाटतो. तोच फटका गवतावर मातीत रुततो. शिवाय मॅटखाली काँक्रीट असतं. तो हिसका कोपराच्या आतल्या बाजूला बसतो आणि तिथलं दुखणं महिनोन्महिने जात नाही. चेंडूच्या मागे वीतभर अंतरावर घडी केलेला पंचा ठेवा. क्लब पंच्याला लागला, म्हणजे तो चेंडूआधी जमिनीवर आपटतोय.

वेळ सगळ्यात कमी असणाऱ्यांनी घरात पटर चालवावा. भोकाचा व्यास १०८ मिलिमीटर असतो. एक मीटरवरून चेंडूची दिशा सुमारे ३ अंशांनी चुकली, तरी तो काठावर पोचतो. तीन मीटरवर ही सवलत जेमतेम १ अंशाची उरते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी मीटरभर लांब स्टीलची पट्टी गालिच्यावर सपाट ठेवा. तिच्या टोकाला खिळ्यावर टांगायचं भोक असतं, त्यात चेंडू छान बसतो. पटरने चेंडू पट्टीवरून घरंगळवा. तोंड जरा तिरकं असेल, तर तो शेवटाआधीच खाली पडतो. रोज दहा मिनिटं. या सरावाइतका स्वस्त आणि खरा शिक्षक गोल्फमध्ये नाही.

[दृश्य: पहाट, खारघरच्या टेकड्या, ओलं फेअरवे, म्हणजे कापलेल्या गवताचा पट्टा.]

मैदानाचा प्रश्न खरा आहे. खासगी गोल्फ संस्थांच्या मैदानांवर बहुधा सभासदासोबत पाहुणा म्हणून जावं लागतं. सिडकोने खारघरला उभारलेल्या मैदानावर शुल्क भरून कोणालाही खेळता येतं. शनिवार-रविवारपेक्षा मधल्या वारांचा दर सहसा कमी असतो. दर आणि कॅडीचं (बॅग उचलणाऱ्या मदतनिसाचं) मानधन फोन करून आधी विचारा, आणि साप्ताहिक सुट्टीचा वारही. अनेक ठिकाणी तो सोमवार असतो. अठरा होलना चार तासांहून जास्त लागतात, नऊ होल दोन-सव्वादोन तासांत संपतात. सकाळी सहाला सुरुवात केली, तर कामावर वेळेत पोचता येतं.

पावसाळ्यात चेंडू आपल्याच फटक्याने फेअरवेच्या चिखलात रुतला, तर दंडाशिवाय काढून, पुसून, गुडघ्याच्या उंचीवरून टाकता येतो. विजा चमकू लागल्या, तर खेळ तिथेच थांबवा.

हँडिकॅपसाठी, म्हणजे खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या आकड्यासाठीही, अठरा होलचा हट्ट लागत नाही. एकूण ५४ होलची फटके नोंदवलेली कार्डं हवीत. नऊ-नऊचे सहा डाव चालतात. हँडिकॅप मिळेपर्यंत एका होलवर पार (त्या होलसाठी ठरलेले फटके) अधिक ५ एवढेच फटके धरले जातात. पार ४ च्या होलवर ९ झाले, की चेंडू उचला, कार्डावर ९ लिहा आणि पुढच्या टीकडे, म्हणजे पुढचा होल सुरू होतो त्या जागेकडे, चला. मागे चौघे थांबलेले असतात.