मीठ आत जातं, मसाला बाहेर राहतो

मंडळी, चिकनच्या तंगड्यांचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: मसाल्यात काय काय घालायचं? आजही दारातच दोघांनी विचारलं. म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पटलं नाही तर वाद घालायला तुमच्याकडे पूर्ण तास उरेल. तुम्ही जो मसाला लावून ठेवता, त्यातलं मीठ तेवढं मांसात खोल जातं. आलं, लसूण, जिरं, मिरी, दालचिनी हे सगळं वरच्या काही मिलिमीटरांत थांबतं. एक रात्र ठेवा नाहीतर दोन, त्यात फारसा फरक पडत नाही.

याचं कारण सोपं आहे. मांसाचा साधारण तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. मीठ त्या पाण्यात विरघळतं आणि त्याचे अगदी लहान कण हळूहळू आत सरकत राहतात. मसाल्यांचा वास देणारे रेणू त्या मानाने मोठे असतात, शिवाय त्यातले बहुतेक पाण्यात नीट विरघळतही नाहीत, त्यांना तेल लागतं. हळदीचा रंग, मिरचीचा तिखटपणा हेही तेलातच उतरतात. म्हणून मसाल्याच्या लेपात चमचा-दोन चमचे तेल हवंच, पण ते मसाला खुलण्यासाठी. तेल घातलं म्हणून मसाला हाडापर्यंत पोहोचेल अशी आशा धरू नका.

मिठाचं काम चवीपुरतं नाही. मीठ लावल्यावर पहिल्या अर्ध्या तासात मांसाला पाणी सुटतं, आणि ते पाहून लोक घाबरतात. थांबलात तर तेच खारं पाणी पुन्हा आत ओढलं जातं. आत गेलेलं मीठ स्नायूंमधल्या मायोसिन नावाच्या प्रथिनाची वीण सैल करतं, आणि अशी सैल झालेली प्रथिनं शिजताना कमी आक्रसतात, पाणी धरून ठेवतात. रात्री मीठ लावलेली तंगडी आणि ऐनवेळी मीठ लावलेली तंगडी एकाच ट्रेमध्ये भाजून बघा, कोणती रसरशीत राहिली ते सांगावं लागणार नाही.

किती मीठ? हाडासकट एक किलो तंगड्यांना 10 ते 12 ग्रॅम. बारीक मिठाचा सपाट चहाचा चमचा सुमारे 6 ग्रॅमचा असतो, म्हणजे दोन चमच्यांच्या आत काम होतं. सोया सॉस किंवा तयार मसाल्याचं पाकीट वापरणार असाल, तर त्यातलं मीठ या हिशोबातून वजा करा. पाकिटांत मीठ बरंच असतं, आणि खारट झालेली तंगडी सुधारायला माझ्याकडे तरी उपाय नाही.

म्हणून मी कामाचे दोन भाग करतो. आदल्या रात्री नुसतं मीठ, आणि मसाल्याचा लेप भाजायच्या तास-दोन तास आधी. दोन्ही एकदम लावलं तरी बिघडत नाही. पण मीठ लवकर आणि मसाला उशिरा हा क्रम एकदा समजला, की 'मुरायला वेळच मिळाला नाही' म्हणून बेत रद्द करायची वेळ येत नाही.

आता आंबट पदार्थ. लिंबाचा रस दह्यापेक्षा कितीतरी जास्त आम्लधर्मी असतो. तो मांसावर फार वेळ राहिला की वरचा थर पांढरट पडतो, पिठूळ होतो, म्हणजे भाजण्याआधीच अर्धा शिजल्यासारखा. लिंबू असेल तर एखाद-दोन तास पुरे, किंवा सरळ भाजून झाल्यावर वरून पिळा. मला तेच आवडतं, ताजा आंबटपणा मिळतो. दही सौम्य असतं, ते रात्रभर चालतं. शिवाय ते मसाल्याला धरून ठेवतं आणि भाजताना छान डागही पडतात.

कच्ची पपई आणि अननस ही वेगळीच जात. पपईत पपेन आणि अननसात ब्रोमेलेन ही प्रथिनं तोडणारी विकरं असतात. तीही पृष्ठभागावरच काम करतात आणि जास्त झाली तर वरचा थर लगदा होतो. आल्यातही असं विकर आहे, पण आपण घालतो तेवढ्याने घाबरायचं कारण नाही. माझं मत विचाराल तर तंगडीला पपईची गरजच नाही. बाजारातला ब्रॉयलर जेमतेम सहा-सात आठवड्यांचा असतो, त्याचे स्नायू मुळातच कोवळे. तंगडी चिवट लागते ती आतल्या संयोजी पेशीजालामुळे, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणाऱ्या जाळ्यामुळे, आणि तिथवर पपई पोहोचतच नाही. तिथे पोहोचते ती उष्णता.

उष्णतेकडे जायच्या आधी सुरीचं काम उरकून घेऊ. जाड भागावर दोन-तीन खोल चिरा द्या, हाडाला सुरी लागेपर्यंत. त्यामुळे मिठाला कमी अंतर कापावं लागतं, लेपाला जास्त जागा मिळते आणि हाडाजवळचं मांस लवकर शिजतं. तंगडीच्या निमुळत्या टोकाला पांढऱ्या, दोरीसारख्या शिरा असतात, त्या खरं तर स्नायुबंध. तिथे गोल चीर देऊन त्या कापल्या, तर शिजताना मांस वर सरकून गोळा होतं आणि दातात दोऱ्या येत नाहीत. एवढी एक चीर द्यायला मिनिटसुद्धा लागत नाही, तरी फार थोडे लोक ती देतात.

आणि आता ज्या गोष्टीवर खरं म्हणजे सगळा तास बोलायला हवं, ती: तंगडी कुठवर शिजवायची? चिकन आतून 74 अंश सेल्सिअसला पोहोचलं की खायला सुरक्षित, हा आकडा बहुतेकांच्या कानावरून गेलेला असतो. छातीच्या मांसाला तिथेच थांबणं योग्य, पुढे ते कोरडं पडतं. तंगडीचं गणित उलटं आहे. कोंबडी दिवसभर पायांवर उभी असते, चालते, त्यामुळे पायात कोलॅजन, म्हणजे त्या संयोजी पेशीजालातलं चिवट प्रथिन, जास्त. 74 अंशांवर तंगडी सुरक्षित असते, पण रबरासारखी लागते. कोलॅजन भराभर विरघळून जिलेटिन व्हायला त्याहून वरचं तापमान आणि थोडा वेळ हवा. तंगडी 80 ते 85 अंशांपर्यंत न्या. मांस हाडापासून सुटू लागतं, टोकाकडचं हाड उघडं पडतं आणि जिलेटिनमुळे घास ओलसर लागतो. घरी तंगड्या बिघडतात त्या बहुतेक वेळा कमी शिजवल्यामुळे. कोरड्या पडतील या भीतीने लोक आच लवकर बंद करतात आणि मग दोष मसाल्याला देतात.

मघाशी एक चिठ्ठी आली आहे: 'हाडाजवळ लाल दिसतं, म्हणजे कच्चं का?' दरवेळी नाही. कोवळ्या पक्ष्याची हाडं सच्छिद्र असतात, त्यातल्या मज्जेचा रंग शिजताना बाहेर झिरपतो. गोठवलेल्या चिकनमध्ये हे जास्त दिसतं. पूर्ण शिजलेली तंगडीही हाडाजवळ लालसर असू शकते आणि उलट, पांढरं दिसणारं मांस कच्चंही असू शकतं. रंगावर भरवसा नको. स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्या, टोक जाड भागात खुपसा, फक्त हाडाला टेकू देऊ नका, नाहीतर आकडा चुकतो.

ओव्हनमध्ये 200 अंशांवर मध्यम आकाराच्या तंगड्यांना 40 ते 45 मिनिटं लागतात, मध्ये एकदा उलटायच्या. जाळीवर ठेवल्या तर खालूनही गरम हवा लागते. ट्रेमध्ये चिकटून ठेवल्या तर त्या स्वतःच्याच पाण्यात शिजतात. एअर फ्रायरमध्ये साधारण निम्म्या वेळात होतात, पण एकाच थरात ठेवा. तव्यावर किंवा पसरट पातेल्यात करायच्या तर आधी झाकण ठेवून मंद आचेवर 25-30 मिनिटं, मग झाकण काढून आच वाढवून पाणी आटवा आणि रंग आणा.

हा रंग येण्यामागची रासायनिक क्रिया फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामीय मेयार यांनी 1912 साली वर्णन केली. प्रथिनांचे घटक आणि शर्करा तापल्यावर एकत्र येतात, त्यातून तपकिरी रंग आणि तो भाजका वास तयार होतो. साधारण 140 अंशांपासून हे जोरात होतं. पृष्ठभाग ओला असेल तोवर तापमान 100च्या फार वर जाऊच शकत नाही, कारण सगळी उष्णता पाणी उडवण्यात खर्च होते. म्हणून जादाचा लेप निथळू द्या. मध किंवा साखर असलेला लेप मात्र सुरुवातीला लावू नका, आतलं मांस शिजण्याआधी तो करपतो. शेवटच्या दहा मिनिटांत लावा. आणि मोठ्या आचेवर आधी भाजून घेतलं की 'रस आत कोंडला जातो', असं अजूनही सांगितलं जातं. ही कल्पना जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी 1847च्या सुमारास रूढ केली, आणि पुढे ती चुकीची ठरली. भाजलेल्या थरातून पाणी आरामात बाहेर येतं. तव्यावर चरचर ऐकू येते ती त्याचीच. चवीसाठी जरूर भाजा, कोंडण्यासाठी नको.

शेवटी थोडं स्वच्छतेबद्दल. मसाला लावलेलं चिकन ओट्यावर नको, फ्रीजमध्ये ठेवा, 4 अंश किंवा त्याखाली, आणि दोन दिवसांत शिजवा. कच्चं चिकन नळाखाली धुण्याची सवय सोडता आली तर सोडा. जंतू पाण्याने जात नाहीत, शिंतोड्यांबरोबर सिंकमध्ये आणि शेजारच्या कोशिंबिरीवर मात्र जातात. नीट शिजवल्यावर ते मरतातच. भांड्यात उरलेला लेप कच्च्या मांसाला लागलेला असतो. तो वरून ओतायचा असेल तर आधी खळखळून उकळा, नाहीतर सुरुवातीलाच थोडा वेगळा काढून ठेवा. आणि ज्या ब्रशने कच्च्या तंगडीला मसाला लावला, तो गरम पाण्याने साबण लावून धुतल्याशिवाय भाजलेल्या तंगडीला लावू नका.