नडाइलचे लाल मियाँ

श्रोतेहो, नमस्कार.

1943 साली बंगालमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा चित्रकार जैनुल आबेदिन यांनी कलकत्त्याच्या रस्त्यांवर मरणाऱ्या माणसांची चित्रं काढली. पोटं खपाटीला गेलेली, बरगड्या वर आलेली माणसं. त्याच शहरात तेव्हा शेख मोहम्मद सुलतान नावाचा तरुण चित्रकला शिकत होता. पुढे त्यानंही बंगालचा शेतकरीच रंगवला, पण चांगला पैलवानासारखा!

सुलतान यांचा जन्म 1923चा, आजच्या बांगलादेशातल्या, चित्रा नदीकाठच्या नडाइलचा. वडील गवंडी. घरात मुलाला लाल मियाँ म्हणत. मॅट्रिक नसूनही कलासमीक्षक शाहिद सुऱ्हावर्दी यांनी शब्द टाकल्यामुळे कलकत्त्याच्या आर्ट स्कूलमध्ये प्रवेश मिळाला, पण शिक्षण अर्धवट टाकून ते भटकायला निघाले. काश्मीर, सिमला, कराची, अमेरिका, लंडन. आणि 1953 साली पुन्हा नडाइल!

त्यांचं 1975चं ‘पहिली लागवड’ हे चित्र डोळ्यांपुढे आणा. एक धिप्पाड पुरुष रोप लावतोय. पाठीवरचा, दंडावरचा स्नायू न् स्नायू तटतटलेला, आणि वर पंख असलेल्या आकृती. दुसरं चित्र ‘चर दखल’, म्हणजे चरचा ताबा. नदीच्या पात्रात गाळानं नवी जमीन वर येते, तिला तिकडे चर म्हणतात. त्या जमिनीसाठी भाले आणि ढाली घेऊन गावकरी एकमेकांवर तुटून पडलेत. म्हणजे सुलतान यांना गाव गोडगुलाबी दाखवायचं नव्हतं. त्यांच्या चित्रांतल्या बायकाही तशाच दणकट.

खरा शेतकरी इतका धष्टपुष्ट असतो का, असं लोक विचारत. सुलतान यांचं म्हणणं असं, की जो साऱ्या देशाला जेवू घालतो त्याच्या आतली ताकद मी दाखवतो. मला हे मनापासून पटतं. कणव वाटावी म्हणून शेतकऱ्याला रंगवणारे पुष्कळ झाले. त्याच्यापुढे मान तुकवणारे थोडे.

तागाच्या कापडावर, कधी झाडपाल्याच्या रंगांनी ते चित्रं काढत. ती टिकवण्याची फिकीर मात्र त्यांनी केली नाही. कितीतरी चित्रं गेली, याची फार हळहळ वाटते. ढाक्यात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं ते थेट 1976 साली, पन्नाशी उलटल्यावर.

घरात मांजरं, पक्षी, आणि भोवती गावातली पोरं. त्यांच्यासाठी सुलतान यांनी ‘शिशुस्वर्ग’ नावाची चित्रशाळा काढली. मुलांनी नदीत फिरत चित्रं काढावीत म्हणून एक मोठी नावही बांधून घेतली. 1994 साली ते गेले. नडाइलला त्यांच्या राहत्या जागी आता संग्रहालय आहे. बांगलादेशात जाणं झालं, तर ढाक्यावरून परत फिरू नका, नडाइलपर्यंत जाच.

नमस्कार.